यलोस्टोनमध्ये धोका आहे, पण तो पाण्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाखालचा 'महाज्वालामुखी' आता फुटणार, ही बातमी वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअॅपवरून दर काही महिन्यांनी फिरून येते. साचा ठरलेला असतो: भूकंप वाढले, जमीन फुगली, जनावरे पळू लागली, शास्त्रज्ञ चिंतेत. २०१४ साली रस्त्यावरून धावत सुटलेल्या बायसनांची (अमेरिकेतली गव्यासारखी रानटी जनावरे) चित्रफीत अशीच जगभर गाजली. ज्वालामुखीची चाहूल लागल्याने ती पळत आहेत, असा तिचा अर्थ लावला गेला. हिवाळ्यात बायसन चाऱ्यासाठी खालच्या उंचीवर उतरतात, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

अशा बातम्यांनी करमणूक होते, पण एक नुकसानही होते. जे घडण्याची शक्यता नगण्य आहे त्याची धास्ती बसते, आणि जे तिथे जवळपास दरवर्षी घडते ते झाकले जाते. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आईवडील आणि सहल कंपन्यांबरोबर जाणारे पर्यटक मिळून बरीच मराठी मंडळी दर उन्हाळ्यात यलोस्टोन पाहतात. निदान त्यांच्यासाठी तरी तिथल्या जमिनीखाली काय चालले आहे हे नीट मांडले पाहिजे.

आधी शिलारसाचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडाचा, हिशेब संपवू. यलोस्टोनमध्ये तीन प्रचंड उद्रेक झाले: सुमारे २० लाख ८० हजार, १३ लाख आणि ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वी. पहिल्यात सुमारे २,४५० घन किलोमीटर, दुसऱ्यात २८० आणि तिसऱ्यात १,००० घन किलोमीटर द्रव्य बाहेर पडले. तिसऱ्या उद्रेकात खालची पोकळी रिकामी होऊन वरची जमीन खचली आणि आजचा कॅल्डेरा, म्हणजे हे खचलेले विशाल खोलगट, तयार झाला. तो सुमारे ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. इतका मोठा की मध्ये उभे राहिले तरी आपण ज्वालामुखीच्या तोंडात आहोत हे कळत नाही. त्यानंतरही लाव्हाचे अनेक जाड, संथ प्रवाह आले. शेवटचा पिचस्टोन पठारावर, सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी. म्हणजे यापुढे काही आलेच तर महाउद्रेकापेक्षा असा चिकट लाव्हा येण्याचीच शक्यता जास्त.

'मुदत उलटून गेली आहे' हा लाडका मुद्दा साध्या वजाबाकीतच कोसळतो. पहिल्या दोन उद्रेकांत सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांचे अंतर, पुढच्या दोहोंत ६ लाख ७० हजारांचे. सरासरी सव्वासात लाखांच्या घरात जाते. शेवटच्या उद्रेकाला ६ लाख ३१ हजार वर्षे झाली. ज्वालामुखी वेळापत्रकाने चालतो असे घटकाभर धरले, तरी अजून ९० हजारांहून जास्त वर्षे शिल्लक आहेत. आणि तो वेळापत्रकाने चालत नाहीच. दोन अंतरांवरून सरासरी काढून भविष्य सांगणे हे शास्त्र नव्हे. महाउद्रेकाची शक्यता अमेरिकन भूशास्त्र सर्वेक्षण संस्था वर्षाला सुमारे ७ लाख ३० हजारांत एक इतकी धरते.

जमिनीखाली लालभडक रसाचे तळे डचमळते आहे हे चित्रही चुकीचे आहे. वरचा साठा साधारण ५ ते १७ किलोमीटर खोलीवर, रायोलाइट या ज्वालामुखीच्या दगडाचा. त्याखाली २० ते ५० किलोमीटरवर बेसॉल्टचा (आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचा) दुसरा. वरच्या साठ्यात प्रत्यक्ष वितळलेला भाग फार तर २० टक्क्यांच्या आसपास असल्याचे अभ्यास सांगतात. उरलेले सारे घन स्फटिक. बर्फाच्या गोळ्यात कणांच्या फटींतून सरबत मुरलेले असते, तसे. उद्रेक होण्याजोगे प्रवाहीपण यायला द्रवाचे प्रमाण ३५ ते ५० टक्क्यांपर्यंत जावे लागते.

आता भूकंप. यलोस्टोनमध्ये वर्षाला दीड ते अडीच हजार धक्क्यांची नोंद होते. बहुतेक कोणाला जाणवतही नाहीत, आणि एका जागी झुंडीने येणे हा त्यांचा नेहमीचा स्वभाव. २००४ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत कॅल्डेराची जमीन जवळजवळ २५ सेंटिमीटर वर आली, तेव्हा मथळेच मथळे आले. त्यानंतर ती बसू लागली आणि कित्येक वर्षे वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरने खाली गेली, त्याचा मथळा माझ्या पाहण्यात नाही. हे वर-खाली होणे मुख्यतः शिलारस, त्यातून सुटणारे वायू आणि अडकलेले गरम पाणी यांच्या हालचालींमुळे होते.

खरी गोष्ट त्या पाण्याची आहे. यलोस्टोनमध्ये दहा हजारांहून जास्त गरम कुंडे, वाफमुखे, चिखलाची कुंडे आणि गीझर, म्हणजे उकळते पाणी अधूनमधून उंच उडवणारे झरे, आहेत. सक्रिय गीझर पाचशेंच्या वर, म्हणजे जगातल्या एकूण गीझरांपैकी निम्म्याहून जास्त. बाकीचे प्रामुख्याने रशियातला कामचात्का, चिली, न्यूझीलंड आणि आइसलँडमध्ये. इतके थोडे का? कारण गीझरला तीन गोष्टी एकत्र लागतात: उथळ आणि जबर उष्णता, मुबलक पाणी, आणि दाब सोसणारी अरुंद नळी. पहिल्या दोन पुष्कळ ठिकाणी मिळतात. अडते ते तिसरीपाशी.

ती नळी कशी बनते ते पाहण्यासारखे आहे. यलोस्टोनचा दगड रायोलाइट, त्यात सिलिकाचे (वाळूत असते त्या खनिज द्रव्याचे) प्रमाण ७० टक्क्यांच्या वर. बर्फाचे आणि पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते, दगडातला सिलिका विरघळवून वर येते, आणि वर येताना थंड होऊन तोच सिलिका नळीच्या भिंतींवर लिंपत जाते. वर्षानुवर्षांच्या या लिंपणाने भेगांना टणक, पाणी न झिरपणारे अस्तर मिळते. पृष्ठभागावरही हाच सिलिका करड्या-पांढऱ्या थरांनी साचतो, पण अगदी मंद: शंभर वर्षांत सुमारे अडीच सेंटिमीटर. गीझरच्या तोंडाशी कोणी बूट घासून टवका उडवला, तर तो भरून यायला माणसाची पिढी पुरत नाही.

उद्यानातल्या सर्वांत प्रसिद्ध गीझरचे, ओल्ड फेथफुलचे ('जुना भरवशाचा'), उदाहरण घ्या. त्याची नळी सुमारे २२ मीटर खोलीपर्यंत उपकरणे सोडून तपासलेली आहे. साधारण सात मीटरवर ती फक्त ११ सेंटिमीटर रुंद होते, म्हणजे हाताची मूठ जेमतेम जाईल इतकी. तिथली उंची सुमारे २,२४० मीटर, त्यामुळे पृष्ठभागावर पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते. पण दर दहा मीटर पाण्याने जवळपास एक वातावरण दाब वाढतो. नळीच्या तळाशी वरच्या स्तंभाचे ओझे असताना पाण्याला उकळायला १३० अंशांच्या आसपास तापमान लागते. म्हणून तळचे पाणी शंभरच्या पुढे जाऊनही द्रवच राहते. खालून वाफेचे बुडबुडे येत राहतात, अरुंद जागेत अडकतात, आणि वरचे थोडे पाणी तोंडातून बाहेर ढकलतात. उद्रेकाआधी ओल्ड फेथफुलच्या तोंडाशी जे छोटे-छोटे उसळणे दिसते ते हेच. वरचे पाणी सांडले की ओझे कमी होते, ओझे कमी झाले की खालच्या पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि आधीच त्याहून जास्त तापलेले पाणी एकदम वाफ होऊ लागते. त्याने आणखी पाणी बाहेर फेकले जाते, दाब आणखी घटतो. ही साखळी वरून खाली धावत जाते. दीड ते पाच मिनिटांत १४ ते ३२ हजार लिटर पाणी ३२ ते ५६ मीटर उंच उडते.

पुढचा उद्रेक कधी, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या घड्याळावर काढता येते. पहिली जोरदार उसळी उठली की वेळ लावा आणि पाणी पडायचे थांबले की नोंद करा. अडीच मिनिटांच्या आत संपले तर नळीत बरेच गरम पाणी शिल्लक राहिलेले असते, भरायला आणि तापायला कमी वेळ लागतो, पुढचा उद्रेक तासाभराच्या थोडा पुढे होतो. जास्त वेळ चालले तर नळी जवळपास रिकामी झालेली असते, मग दीड तास धरा. दोन्हीकडे दहा-दहा मिनिटांची सूट ठेवायची. हल्ली लांबचेच उद्रेक जास्त होतात. १९५९ च्या भूकंपाआधी सरासरी अंतर तासाहून थोडे जास्त होते, आज ते दीड तासापर्यंत आले आहे. भूकंपांनी नळ्यांत फेरफार होतात, जुन्या भेगा मिटतात, नव्या उघडतात. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या पश्चिमेला हेबगेन सरोवरापाशी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात २८ माणसे गेली, आणि उद्यानातले शेकडो झरे अचानक उसळले. नोव्हेंबर २००२ मध्ये अलास्कात ७.९ चा भूकंप झाला, त्याने तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या यलोस्टोनच्या गीझरांचे वेळापत्रक बदलले.

पाणी कमी पडले तर काय होते याचाही पुरावा आहे. ओल्ड फेथफुलच्या टेकाडावर सिलिकात मुरलेले जुन्या झाडांचे लाकूड सापडले. त्याचे वय तेराव्या-चौदाव्या शतकातले निघाले. उकळत्या पाण्याच्या माऱ्यात झाड वाढत नाही. म्हणजे त्या काळातल्या प्रदीर्घ दुष्काळात हा 'भरवशाचा' गीझर कित्येक दशके बंदच होता.

याच उद्यानातल्या नॉरिस खोऱ्यातला स्टीमबोट गीझर याच्या अगदी उलट स्वभावाचा. जगातला सर्वांत उंच उडणारा सक्रिय गीझर, ९० मीटरच्याही वर जातो. पण दोन मोठ्या उद्रेकांमधले अंतर तीन-चार दिवसांपासून ५० वर्षांपर्यंत काहीही असू शकते. मार्च २०१८ मध्ये तो जागा झाला, २०१९ आणि २०२० मध्ये प्रत्येकी ४८ वेळा उडाला. त्याच्यासाठी सहलीचा कार्यक्रम आखू नये, दिसला तर नशीब म्हणावे. याच नॉरिसला संशोधनासाठी घेतलेल्या विंधणात ३३२ मीटर खोलीवर २३७ अंश तापमान मिळाले होते.

इथे धोक्याची गोष्ट सुरू होते. सिलिका नळी बांधतो, तसा तो नळी बुजवतोही. वाट बंद झाली की त्या झाकणाखाली २०० अंशांच्या घरातले पाणी दाबाखाली द्रवरूपात अडकून बसते. झाकण तडकले की दाब क्षणात जातो. २०० अंशांचे पाणी ९३ अंशांना येताना त्याच्यातला सुमारे एक पंचमांश भाग त्याच क्षणी वाफ होतो. एका लिटरमागे साडेतीनशे लिटरहून जास्त वाफ, आणि तिला मावायला दगडात जागा नाही. दगड फुटतो, चिखल, उकळते पाणी आणि शिळा उडतात. याला जलतापीय स्फोट म्हणतात. शिलारस वर यावाच लागत नाही, भूकंपमापकांवर आधी काही चाहूल लागेलच असे नाही.

२३ जुलै २०२४ रोजी सकाळी दहाच्या सुमारास बिस्किट बेसिनमधल्या ब्लॅक डायमंड कुंडाने हेच केले. ओल्ड फेथफुलपासून हे ठिकाण जेमतेम साडेतीन किलोमीटर. काळ्या चिखलाचा आणि दगडांचा खांब शंभर मीटरहून उंच गेला, लाकडी पायवाट मोडली, पर्यटक जीव घेऊन पळाले. कोणाला इजा झाली नाही, हा योगायोगच. निरीक्षण जाळ्याला आधी कोणतीही सूचना मिळाली नव्हती. त्या भागात लोकांना जायला त्यानंतर बंदी घालण्यात आली. ५ सप्टेंबर १९८९ ला नॉरिसचा पोर्कचॉप गीझर असाच पर्यटकांसमोर फुटला होता. लहान स्फोट उद्यानात जवळपास दरवर्षी एखाद-दोन होतात, बहुतेक माणसांपासून दूर. मोठे क्वचित, पण उद्यानातल्या यलोस्टोन सरोवराच्या उत्तर काठावरचे मेरी बे विवर पाहिले म्हणजे अंदाज येतो: सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीच्या जलतापीय स्फोटाचे ते विवर अडीच किलोमीटर रुंद आहे. मथळा द्यायचाच असेल तर याचा द्यावा.

महाराष्ट्रातल्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडतो, की आपल्याकडेही गरम पाण्याची कुंडे आहेत आणि आपण तर ज्वालामुखीच्या दगडावरच राहतो, मग इथे काही होईल का? दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याला जन्म देणारा तप्तबिंदू, म्हणजे खोलातून उष्णता वर येण्याची जागा, आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, भारतीय भूपट्ट केव्हाच पुढे सरकला. यलोस्टोनचा तप्तबिंदू मात्र अजून त्या उद्यानाखालीच आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथली तानसाकाठची कुंडे, महाडजवळचे सव, दापोलीजवळचे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातले तुरळ आणि राजवाडी, राजापूरचे उन्हाळे, यांपैकी कशाच्याही खाली शिलारस नाही. पावसाचे पाणी खोल भेगांतून उतरते, पृथ्वीच्या नेहमीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि भेगेनेच वर येते. तापमान बहुतेक ठिकाणी ४० ते ७० अंशांच्या दरम्यान, उत्कलनबिंदूच्या बरेच खाली. बेसॉल्टमध्ये सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि एवढ्या कोमट पाण्यात तो नळ्यांना अस्तर लावण्याइतका विरघळत नाही. म्हणून कोकणात गीझर नाहीत आणि जलतापीय स्फोटाची भीतीही नाही. तिथे आंघोळ करता येते, हाच यलोस्टोनशी मोठा फरक.

आणि नेमके हेच आपल्या मंडळींना प्रवासाआधी सांगायला हवे. कुंड म्हटले की पाय बुडवायचा, ओंजळ भरायची, नाणे टाकायचे, ही आपली सवय. यलोस्टोनमध्ये ७० अंशांचे पाणी एखाद्या सेकंदात कातडी खोलवर भाजते, आणि तिथली बरीच कुंडे त्याहून कितीतरी गरम. निळेशार, नितळ, तळ दिसणारे कुंड हे जास्त गरम असण्याचे लक्षण. कडेला पिवळी, नारिंगी, तपकिरी रंगाची जी झालर दिसते ती उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंची. ग्रँड प्रिझमॅटिक या कुंडाच्या मध्यभागी ८७ अंशांच्या आसपास तापमान असते, तिथे रंगीत जिवाणू तगत नाहीत, म्हणून मधोमध निळा. जसजसे कडेला थंड होत जाते तसतसा पिवळ्यानंतर नारिंगी, मग तपकिरी. (याच उद्यानातल्या एका कुंडात थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना १९६० च्या दशकात थर्मस अॅक्वॅटिकस हा जिवाणू मिळाला. त्याच्या विकरावर पुढे पीसीआर तंत्र उभे राहिले, ज्याची चाचणी करोनाकाळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून करून घेतली.)

लाकडी पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नये. कुंडाभोवतीची पांढरी, कोरडी, सपाट जमीन म्हणजे कित्येक ठिकाणी उकळत्या पाण्यावरचा पातळ सिलिकाचा पापुद्रा असतो. त्याची जाडी वरून ओळखण्याची कोणतीच युक्ती नाही. मोठ्या माणसाचे वजन पेलले म्हणून दहा पावलांपुढे पेलेलच असे नाही. अस्वले आणि बायसन यांच्यापेक्षा या कुंडांनी तिथे जास्त माणसे जखमी केली आणि मारली आहेत. १९८१ मध्ये कुत्र्याला वाचवायला कुंडात उडी घेतलेला तरुण वाचला नाही. लहान मुलांचा हात सोडू नये. वाऱ्याने वाफेचा लोट अंगावर आला तर पायवाट दिसेनाशी होते, अशा वेळी चालत न राहता जागीच थांबावे. टोपी उडून कुंडापाशी पडली तर ती गेली असे समजावे. गीझरच्या तुषारांत विरघळलेला सिलिका असतो. चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या काचेवर ते वाळले तर पांढरे डाग कायमचे बसतात. लगेच साध्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने टिपावेत, सुके घासू नयेत. ड्रोनला बंदी आहे.

नाणी टाकण्याबद्दल वेगळे सांगतो, कारण त्यात श्रद्धेचा भाग येतो. यलोस्टोनमधल्या मॉर्निंग ग्लोरी कुंडात लोकांनी वर्षानुवर्षे नाणी आणि कचरा टाकला. त्याने खालची वाट तुंबली, गरम पाण्याचा पुरवठा घटला, कुंड थंड झाले आणि एके काळच्या निळ्या पाण्यात पिवळी-नारिंगी झालर आतपर्यंत सरकली. न्यूझीलंडमध्ये याहून मोठे नुकसान झाले. वैराकेईला १९५८ पासून वीजनिर्मितीसाठी भूऔष्णिक पाणी उपसले गेले आणि शेजारच्या खोऱ्यातले गीझर मेले. रोटोरुआत गीझर मंदावले, तेव्हा १९८६ मध्ये सरकारला पोहुतू गीझरच्या दीड किलोमीटर परिघातल्या विंधणविहिरी बंद कराव्या लागल्या.

यलोस्टोनमधले मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हा सगळ्यांत वेगळा प्रकार. ते कॅल्डेराच्या बाहेर, उत्तरेला आहे. तिथले पाणी चुनखडीच्या दगडातून येते, म्हणून सिलिकाऐवजी चुनखडीचे पांढरे सोपान तयार होतात आणि झपाट्याने वाढतात. जुन्या फोटोतला वाहता सोपान आज कोरडा, करडा दिसला तर फसवणूक झाली असे समजू नये. पाणी वाट बदलत राहते.

आपल्या वृत्तसंपादकांना एक विनंती आहे. यलोस्टोनची बातमी आली की छापण्याआधी यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळेची सूचना-पातळी पाहावी. हिरवी म्हणजे नेहमीची स्थिती, मग पिवळी, नारिंगी, लाल. वेधशाळा दर महिन्याच्या सुरुवातीला भूकंपांची संख्या, सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता आणि जमिनीची उंची यांचा अहवाल विनामूल्य प्रसिद्ध करते. पातळी हिरवी असताना 'शास्त्रज्ञ चिंतेत' असे लिहायचे असेल तर कोणता शास्त्रज्ञ आणि कशाची चिंता, तेही लिहावे. आणि सहल कंपन्यांना दुसरी: प्रवाशांच्या हाती कार्यक्रमपत्रिका देता, त्यात औषधे, स्वेटर, ठेपले यांच्या यादीखाली पायवाटेची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापा. उद्यानातले फलक इंग्रजीत असतात, आणि बरोबरच्या आजी-आजोबांपैकी प्रत्येकाला ते वाचता येतील असे नाही.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक, पुणे